दुधाचा हिशेब

दुधाचा हिशेब खोटं बोलत नाही.

माझ्या आईच्या स्वयंपाकघरात दारामागे कॅलेंडर टांगलेलं असतं. रोजच्या चौकोनात पेन्सिलीने एक आकडा. वर्षभर तोच : अर्धा. मे महिन्यात सलग सात चौकोन तेवढे वेगळे. तिथे दोन लिटर. आठव्या दिवशी पुन्हा अर्धा.

लेक आणि नातवंडं वर्षात किती दिवस घरी होती, याला आणखी पुरावा कशाला हवा?

तीनशे पासष्ट चौकोनांतले सात. आणि ते सातही चुकवायला आपल्याला किती कारणं सापडतात!

‘या वर्षी जमेलसं वाटत नाही गं.’ हे वाक्य एप्रिलमध्ये घरोघरी बोललं जातं. का जमत नाही? पोहण्याचा वर्ग आहे. अबॅकस आहे. नाट्यशिबिर आहे. रोबोटिक्सचे पैसे भरून झालेत. मूल दुसरीत आहे आणि त्याचं सुट्टीचं वेळापत्रक शाळेपेक्षा गच्च आहे. शाळेला निदान मधली सुट्टी असते.

पूर्वी परीक्षा संपली की पोरं आजोळी रवाना व्हायची आणि शाळा उघडायला आठवडा राहिला की परत यायची. महिन्याचे पंधरा दिवस झाले. पंधराचे सात झाले. आता काही घरांत शुक्रवारी रात्री निघून सोमवारी पहाटे परत. आजी-आजोबांनी यातला एक दिवस तरी कापला का?

कापले ते सगळे आपण.

तिकीट मिळत नाही, हे सगळ्यांचं लाडकं कारण. १ नोव्हेंबर २०२४पासून रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं. आधी एकशे वीस दिवस होते. म्हणजे १० मेची गाडी हवी असेल, तर ११ मार्चला सकाळी आठ वाजता तयार बसायला हवं. समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलची खोली जानेवारीत राखून ठेवणाऱ्यांना आजोळचं तिकीट एप्रिलच्या शेवटी आठवतं. तिकीट मिळत नाही, की वेळेवर आठवत नाही?

परवडत नाही म्हणावं, तर तेही तपासून घ्या. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही. पाच ते बाराच्या मुलाला अर्धं लागतं; वेगळी बर्थ हवी असेल तरच पूर्ण, हा नियम २०१६पासूनचा. एसटीत बायकांना मार्च २०२३पासून अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी पार केलेल्यांना ऑगस्ट २०२२पासून प्रवास फुकट आहे.

मग आजोबाच का येत नाहीत इकडे, असं विचारणारेही भेटतात. त्यांना उत्तर एकच. सरकारने तिकीट माफ केलं, गुडघेदुखी नाही. म्हणून जायचं आपण.

मी लहान होते तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती. रात्रभराची एसटी, कशेडी घाटातली वळणं, खिडकीशी धरलेली पिशवी आणि आईच्या हातातला लिंबू. कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण झाला जानेवारी १९९८मध्ये. कशेडीला आता बोगदा झाला. महामार्गाचं रुंदीकरण २०११पासून रखडत का होईना, पण चालू आहे.

वाट सोपी होत गेली, तसतसं आपलं जाणं कमी होत गेलं. यात चूक वाटेची आहे?

जनगणनेचा आकडा बघा. २००१मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात १६,९६,७७७ माणसं होती. २०११मध्ये १६,१५,०६९. एक्क्याऐंशी हजारांहून जास्त माणसं दहा वर्षांत कमी झाली. शेजारच्या सिंधुदुर्गातही घटच. आणि २०११च्या रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. कर्ते मुंबई-ठाण्याला गेले, मागे राहिल्या आया आणि आज्या. आमच्या वाडीत दहा घरांपैकी चार घरांना वर्षभर कुलूप असतं. लहान मुलाचं रडणं ऐकू येतं ते मे महिन्यात आणि गणपतीत.

आजोळ आपोआप ओस पडत नाही. कुणीतरी तिथे जायचं थांबवलेलं असतं.

मागच्या वर्षी आम्ही पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वाण्याकडे गेले. वाणी म्हणाला, ‘ताई, तुम्हीच होय? आजी परवा डाळ-गूळ घेऊन गेल्या. म्हणाल्या, पाहुणे यायचेत.’

पाहुणे!

जिच्या अंगणात मी रांगले, ती बाई माझ्या पोरांना पाहुणे म्हणते. आधी राग आला. मग घरी येऊन बघितलं. ओटीवर आमची बॅग तशीच उघडी पडलेली. पोरं खाटेवर लोळत ‘आजी, पाणी’ म्हणतायत. मी चहाची वाट बघत बसलेली. नवरा झोपाळ्यावर.

आई चुकीचं बोलली नव्हती.

तेव्हा या आठवड्याबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे : आजोळी जा, दरवर्षी जा, पण घरचे म्हणून जा. पाहुणचारच हवा असेल तर हॉटेल गाठा. तिथे राबणाऱ्याला निदान पगार मिळतो.

दोन लिटर दूध म्हणजे काय, ते सांगते. ते तापवायचं. उतू जाऊ नये म्हणून शेगडीशी उभं राहायचं. विरजायचं. साय काढायची. ताक घुसळायचं. तीन वेळा चहा, दोन वेळा पोरांचे पेले. त्याच्या भोवती घावणे, आंबोळ्या, दुपारचं जेवण, चारचं खाणं, रात्रीचं जेवण. सत्तरीची बाई पहाटे पाचला उठते आणि रात्री दहाला ओटा पुसते.

नातवंडं म्हणजे दुधावरची साय, हे सगळे म्हणतात. ते दूध तापवत कोण उभं आहे, हे कुणी बघतं का?

लेक माहेरपणाला आली, तिला विश्रांती मिळायला हवी. मान्य. वर्षभर तीही दोन्हीकडे पिचलेली असते. पण लेकीचं माहेरपण आई करते, आईचं माहेरपण कोण करणार? तिची आई जाऊन वीस वर्षं झाली. म्हणजे आता पाळी लेकीचीच.

आणि जावई? जावयाला ताट वाढून द्यायचं, पाणी हातात द्यायचं, त्याने उठायचं नाही, हा मान कुठल्या काळातला? जावई पाहुणा असेल. बाप पाहुणा नसतो. आपल्या पोरांची ताटं उचलायला त्याला कुणाचं आमंत्रण लागतं?

उपाय साधे आहेत. आल्या दिवशी आठवड्याचा किराणा भरा. गॅसचा भरलेला सिलिंडर आहे का बघा. गावात भांडी-धुण्याला बाई मिळत असेल तर सात दिवसांसाठी लावा आणि पैसे तुम्ही द्या. रोजचं एक जेवण तुम्ही रांधा. आई म्हणेल, ‘राहू दे, मी करते.’ हे वाक्य ऐकून परत खुर्चीत बसणारे लोकच तिला दमवतात.

मुलांना काम सांगा. आठ वर्षांची मुलगी अंथरुणं घालते. पाच वर्षांचा मुलगा ताटाभोवती पाण्याचे पेले मांडतो, तुळशीला तांब्याभर पाणी घालतो, शेंगा सोलतो. शहरातल्या फ्लॅटमध्ये त्याला काही करू देत नाही, कारण सांडेल. अंगण शेणाने सारवलेलं असतं. सांडू दे.

ज्या घरात मूल काम करतं, ते घर त्याचं होतं. बाकी सगळीकडे ते येऊन-जाऊन असतं.

आता खाण्याकडे वळू. ‘आमचा हे खात नाही’, ‘आमचीला ते चालत नाही’. उंबरा ओलांडायच्या आत ही यादी वाचली जाते. फणसाची भाजी नको, कुळथाचं पिठलं नको, ताक आंबट लागतं. मग आजी बिचारी तालुक्याहून नूडल्सची पाकिटं मागवते. नूडल्स खायला तीनशे किलोमीटर गेलात?

यादी घरी ठेवून या. दोन तास आंब्याखाली हुंदडलेलं पोर काय खात नाही तेच बघा.

उलटही होतं. आजी एक लाडू जास्त देते आणि आईचा चेहरा बदलतो. साखर, साखर, साखर! काळजी रास्त आहे. पण हीच आई घरी चिप्सच्या पाकिटाला हो म्हणते, बिस्किटाच्या पुड्याला हो म्हणते. आजीच्या हातचा लाडू मोजणारीने आपल्या फडताळातली पाकिटंही मोजावीत.

मग आजीचं सगळंच ऐकायचं का? नाही. मुळीच नाही.

काही गोष्टींत भीड ठेवायची नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही. मधातल्या जिवाणूंमुळे बोट्युलिझम होऊ शकतो आणि तो तान्ह्या जिवाला झेपत नाही. ‘तुला चाटवला होता, तू मोठी झालीस ना?’ असं आई म्हणेल. तिला जवळ बसवून कारण सांगा. आईला कारण समजतं. तिला फक्त कुणी सांगत नाही, नुसतं दटावतात.

आजोबांच्या गोळ्या. रक्तदाबाच्या, साखरेच्या. खाटेशेजारच्या स्टुलावर, पाण्याच्या तांब्याजवळ, बरोबर चार वर्षांच्या मुलाच्या हाताच्या उंचीवर. वर्षभर त्या तिथे असायला हरकत नाही. आपण पोचलो की पहिल्या तासात त्या वरच्या फळीवर जायला हव्यात आणि रोज वेळेवर काढून द्यायचं काम आपण घ्यायला हवं. गोळ्या हलवल्या आणि आजोबांचा डोस चुकला, तर काय मिळवलं?

विहीर. कठडा आहे, जाळी आहे, तरी एक मोठं माणूस तिथे हवंच. ‘सगळे आहेत ना’ असं ज्या घरात म्हणतात, त्या घरात नेमकं कुणाचंच लक्ष नसतं. ज्याचं लक्ष त्याचं नाव ठरवून ठेवा.

चप्पल घालण्याआधी झटकायची. दगडाखाली हात घालायचा नाही. रात्री बॅटरीशिवाय अंगणात उतरायचं नाही. रत्नागिरीच्या जांभ्या दगडांत फुरसं असतं आणि कोकणातला लाल विंचू जीवघेणा असतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून विंचूदंशाचे बळी रोखण्याचा मार्ग दाखवला आणि २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे इलाज आहे. तो दवाखान्यात आहे, मांत्रिकाकडे नाही.

सर्पदंशावरची लस जवळच्या कुठल्या सरकारी रुग्णालयात असते, तिथे पोचायला किती वेळ लागतो, १०८ला फोन लावायला अंगणातल्या कुठल्या कोपऱ्यात रेंज मिळते, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. आजी-आजोबांनाही वर्षाचे उरलेले दिवस याच माहितीची गरज असते. ती आपण कधी विचारली होती?

आता मोबाइल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये सांगितलं की दोन ते चार वर्षांच्या मुलांना पडद्यासमोर दिवसाला एक तासापेक्षा जास्त वेळ नको; कमी तितकं बरं. आपण हे वाचतो, दुसऱ्याला पाठवतो आणि जेवणाच्या ताटासमोर फोन उभा करतो. आजोळी गेल्यावर आजोबा गोष्ट सांगायला बसतात. त्यांची गोष्ट सावकाश चालते. मधे त्यांना नाव आठवत नाही, ते थांबतात. पोराचा हात आपल्या खिशाकडे येतो. त्या वेळी फोन देणारा माणूस पोराला गप्प करत नाही.

तो आजोबांना गप्प करतो.

मोठ्यांचं काय? ओटीवर लॅपटॉप उघडलेला. ‘मीटिंग आहे, जरा आवाज करू नका.’ हे कुणाला सांगितलं जातंय? ज्याने ते घर चिरा-चिरा रचून बांधलं, त्या माणसाला. त्याने रेडिओ बंद केला, खोकला दाबला आणि मागच्या पडवीत जाऊन बसला. रजा टाकून या. नाहीतर मुलांना सोडा आणि परत जा. अर्धं येणं हे येणं नसतं.

आणि ते चित्रीकरण! ‘आजी, घावणं परत उलट ना. प्रकाश नीट नव्हता.’ ती उलटते. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. घावणं फाटतं. तिला वाईट वाटतं, आपल्याला व्हिडीओ मिळतो. शंभर लोक खाली लाल बदाम टाकतात. आजीचा चहा गार होऊन गेलेला असतो.

फोटो काढू नये असं कोण म्हणतं? एक काढा. छापून आणा. तिच्या भिंतीवर लावा. ती तो रोज बघेल, तुम्ही तुमचा किती वेळा बघाल?

भाषेचं तर बोलायलाच हवं. आजी नातवाला म्हणाली, ‘वाण्याला एकोणसाठ रुपये दे.’ नातू उभा. एकोणसाठ म्हणजे? मग बहिणीने सांगितलं, ‘फिफ्टी नाइन.’ तेव्हा तो हलला. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ला अभिजात दर्जा मिळाला. शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२०चा आहे. दर्जा दिल्लीने दिला, कायदा मुंबईने केला.

एकोणसाठ कोण शिकवणार?

आजी शिकवते. वाण्याचा हिशेब करता करता, आंबे डझनावर मोजता मोजता, पत्त्यांत गुण मांडता मांडता. आठवड्याभरात पोराला एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास कळले. वर्ग नाही, शुल्क नाही, प्रमाणपत्र नाही. आणि आपण या बाईला सांगतो की मे महिन्यात मुलांचे ‘क्लासेस’ आहेत!

आजोबांचा वर्ग माजघरात भरतो. कोपऱ्यात आंब्याची आढी घातलेली असते. भाताचा पेंढा, त्यावर आंब्यांची एक रांग, वर पुन्हा पेंढा. रोज सकाळी ते उकिडवे बसतात, पेंढा बाजूला करतात आणि एकेक आंबा वर-खाली करतात. गेल्या मेमध्ये पाच वर्षांच्या नातवाने अंगठ्याने आंबा दाबला. आजोबांनी त्याचा हात धरला. ‘दाबायचा नाही. हुंगायचा.’ आंबा देठाकडून त्याच्या नाकाशी धरला. ‘आला वास?’ नाही आला. तो परत पेंढ्यात. दुसरा. तिसरा. चौथ्याला पोराचे डोळे चमकले.

तिसऱ्या दिवशी तो एकटाच आढीशी बसला होता. पिकलेले डाव्या हाताला, राहिलेले आत. आजोबांनी मागाहून तपासलं. एकच चुकला होता.

हापूसला भौगोलिक मानांकन २०१८मध्ये मिळालं. पिकलेला हापूस नाकाने ओळखणारी पिढी मात्र मानांकनाने तयार होत नाही. त्यासाठी कुणीतरी मुलाला आढीशी नेऊन बसवावं लागतं, आणि घाई नसलेलं एक माणूस शेजारी लागतं. शहरात अशी माणसं उरलीत किती?

‘कंटाळा आला’ हे दुसऱ्या दिवशी ऐकू येतंच. घाबरू नका. लगेच उठून गाडी काढू नका, किल्ला दाखवायला नेऊ नका, बीच गाठू नका. कंटाळ्याला अर्धा दिवस द्या. अर्ध्या दिवसाने पोरं करवंदांच्या जाळीत सापडतील. करवंद फोडायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. या खेळाला बॅटरी लागत नाही.

कंटाळा मुलांना येतो, पण तो सहन होत नाही आई-बापांना.

सगळ्यांचं आजोळ कोकणात नसतं, हे ठाऊक आहे. कुणाचं अकोल्याला असतं. मे महिन्यातला तिथला पारा पंचेचाळीसला टेकतो, दुपारी घराबाहेर पडायची सोय नसते. मग दुपार कूलरसमोर, पत्ते आणि कैरीचं पन्हं. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून अंथरुणं. कुणाचं डोंबिवलीत दोन खोल्यांत. कुणाचं गिरगावातल्या चाळीत, जिथे अंगण म्हणजे सामायिक गॅलरी. विहीर नाही, आंबा नाही म्हणून आजोळ नाही? पोरांना झाड लागत नाही. त्यांच्याकडे बघायला फुरसत असलेलं माणूस लागतं.

आणि आजोळ म्हणजे आईचंच माहेर, हेही पुरे झालं. बाबांच्या आईलाही नातवंडंच आहेत. एकीकडे सात दिवस आणि दुसरीकडे एक दुपार, हा हिशेब त्या घरातली आजीही मांडत असते. तिच्याही दारामागे कॅलेंडर आहे.

याच महाराष्ट्रात आजीचं घर ही सुट्टी नसलेली मुलंही आहेत. बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कोयते बांधून निघतात, ते उन्हाळा लागल्यावर परततात. मुलांची शाळा बुडू नये म्हणून अनेक घरांत ती आजी-आजोबांकडे ठेवली जातात. पाच-सहा महिने. त्या आज्या पुन्हा एकदा आया होतात, कुठलंही शिबिर न करता, कुठलंही मानधन न घेता. त्या मुलांसाठी उन्हाळा म्हणजे आई-बाप परत येण्याचे दिवस.

आपल्याला सात दिवस जड का जातात, हे त्यांच्यासमोर बोलून दाखवता येईल?

कायदाही एक गोष्ट सांगून ठेवतो. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा २००७चा. त्यात ‘मुलं’ या शब्दात मुलगा, मुलगी, नातू आणि नात सगळे येतात. फक्त अज्ञान वयातले वगळलेत. म्हणजे आज ताटाभोवती पेले मांडणारं पोर अठराचं झालं की आजी-आजोबांची जबाबदारी कायद्याने त्याच्याकडेही येते. न्यायाधिकरण निर्वाहभत्ता ठरवून देऊ शकतं.

माया ठरवून देऊ शकत नाही. ती त्या आधीच्या अठरा उन्हाळ्यांत लागावी लागते.

निघायचा दिवस. आई पहाटेपासून पिशव्या भरत असते. कोकमं, साठं, पोह्यांचे पापड, कुळथाचं पीठ, लोणच्याची बरणी वर्तमानपत्रात गुंडाळून. आपण म्हणतो, ‘आई, एवढं कशाला? तिथे सगळं मिळतं.’ सगळं मिळतं, हे तिलाही माहीत आहे. तिने ते मिळत नाही म्हणून दिलेलंच नसतं.

घ्या. सगळं घ्या. फक्त पुढच्या खेपेला रिकाम्या बरण्या धुऊन परत न्या. माझ्या ठाण्याच्या फडताळात आईच्या सात बरण्या निघाल्या. सात उन्हाळ्यांच्या. तिच्याकडे लोणचं घालायला बरणी नव्हती म्हणून तिने प्लास्टिकचा डबा वापरला होता, आणि एका शब्दाने बोलली नव्हती.

पोरांच्या हातावर आजोबा शंभराची नोट ठेवतात. ‘नको, नको’ म्हणत ती परत करू नका. पोराला वाकून नमस्कार करू द्या आणि नोट ठेवून घेऊ द्या. त्या घरात देणारा हात त्यांचा आहे. तो तेवढा तरी त्यांचा राहू दे.

घर सोडण्याआधी अंथरुणं घड्या करून माळ्यावर चढवा. ओल्या चादरी दोरीवर घाला. न्हाणी धुवा. खोलीचा केर काढा. पाहुणे निघून गेल्यावर घर आवरावं लागतं. घरचे निघाले तर घर आवरलेलं असतं. फरक एवढाच आहे, आणि आपल्यामागे सत्तरीच्या बाईचे पुढचे दोन दिवस या फरकावर ठरतात.

पोचल्यावर फोन करा. ‘पोचलो’ एवढ्यावर ठेवू नका. पोरांना बोलू द्या. रविवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. सात दिवसांत जोडलेलं नातं एकावन्न आठवडे वाऱ्यावर सोडलं, तर पुढच्या मेमध्ये पोरं पुन्हा आजीच्या पदराऐवजी आपल्यामागे लपणार.

गेल्या वर्षी निघायच्या सकाळी मुलगी स्वयंपाकघरात दाराआड उभी दिसली. हातात आजीची पेन्सिल. काय करतेस विचारलं, तर ‘काही नाही’ म्हणाली. चार दिवसांनी फोनवर आईने सांगितलं. आठव्या चौकोनात, जिथे अर्धा यायला हवा, तिथे कुणीतरी वेड्यावाकड्या अक्षरात दोन लिहून ठेवलं होतं.

आईने तो आकडा खोडला नाही. दूध मात्र त्या दिवशी अर्धाच लिटर घेतलं.

पुढच्या वर्षीचे चौकोन अजून कोरे आहेत. १० मेच्या गाडीचं आरक्षण ११ मार्चला सकाळी आठला उघडतं.